विटाळ आणि साथ : चवदार तळ्याकाठी एका सिद्धान्ताची तपासणी

२०२० च्या मे महिन्यात मी मुंबईहून पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर गेलो, तेव्हा मला घरी जाता आले नाही. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याने चौदा दिवस शाळेत काढायचे, असे गावकीने ठरवले होते. आई रोज दुपारी डबा घेऊन यायची, शाळेच्या पायरीवर ठेवायची आणि आंब्याच्या झाडापर्यंत मागे जाऊन उभी राहायची. मी डबा उचलून आत नेला की मग आमचे बोलणे सुरू व्हायचे. ज्या माणसांनी मला अंगाखांद्यावर खेळवले होते, ती रस्त्याने जाताना शाळेच्या बाजूची कड सोडून पलीकडच्या कडेने चालत. त्यांचे काही चुकत होते असे नाही. तरीही ते पाहताना पोटात काहीतरी हलायचे.

त्याच दिवसांत मोबाइलवर एक संदेश फिरत होता. जगाला आज कळलेले ‘सोशल डिस्टन्सिंग’ आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते. सोवळे-ओवळे, शिवाशिव, परक्याच्या हातचे पाणी न पिणे हे सगळे मुळात आरोग्यशास्त्रच होते, असा त्याचा मथितार्थ. चुलतभावाने तो मला पाठवला. मीही फारसा विचार न करता तो चार-पाच जणांना पुढे ढकलला. त्यांत एक माझे सहकारी प्राध्यापक होते. ते महाड तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातले. त्यांचे उत्तर आले : “सर, तुमचा पंधरावा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?” मला वाटले, चौकशी करताहेत. मी तारीख कळवली. प्रश्नाचा रोख लक्षात यायला मला दोन दिवस लागले, आणि लक्षात आल्यावर उत्तर द्यायचे धैर्य झाले नाही.

हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. मात्र त्याला निव्वळ मोबाइलवरच्या एका संदेशाचे निमित्त नाही. त्या संदेशाचे एक अधिक प्रतिष्ठित, विद्वन्मान्य रूप माझ्या कपाटात बरीच वर्षे होते, आणि मी ते आदराने वाचले होते.

*

विल्यम मॅकनील या अमेरिकी इतिहासकाराचा ‘प्लेग्ज अँड पीपल्स’ हा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर इतिहास म्हणजे राजे, लढाया, व्यापार आणि विचार अशीच रूढ समजूत होती. रोगराई आली तर ती एखाद्या परिच्छेदापुरती, अपघातासारखी. मॅकनीलने ती इतिहासाच्या मध्यभागी आणून ठेवली. कोर्तेसच्या मूठभर शिपायांपुढे लाखोंचे अ‍ॅझटेक साम्राज्य कसे कोसळले, या कोड्यापासून तो निघाला आणि देवीच्या साथीपाशी पोहोचला. युरोपियांच्या शरीरांना देवीची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, मेक्सिकोच्या माणसांना ती मुळीच नव्हती. माणूस दोन प्रकारच्या परोपजीवींच्या कात्रीत जगतो, अशी त्याची मांडणी आहे : आतून पोखरणारे सूक्ष्म जंतू आणि बाहेरून शोषणारे सत्ताधारी. या दोघांच्या हिशेबातूनच समाजाची घडण होते. ग्रंथ मोठा आहे, आणि जेरेड डायमंडसारख्या पुढच्या लेखकांनी ही वाट रुळवली ती उगाच नव्हे.

याच ग्रंथात मॅकनील भारताकडे वळतो आणि जातिव्यवस्थेविषयी एक तर्क मांडतो. उत्तरेकडून आलेले आर्यभाषक लोक आणि इथल्या उष्ण, दमट जंगलांत राहणारे मूळचे लोक यांची गाठ पडली. जंगलवासीयांना तिथले रोग पचलेले होते, नवागतांना नव्हते. त्यामुळे जिंकणाऱ्यांना त्यांच्यात पूर्ण मिसळता आले नाही आणि त्यांना पुसूनही टाकता आले नाही. अंतर राखून सोबत राहण्याची जी तोड निघाली, तिच्यात स्पर्शाच्या निषेधांचे एक मूळ असावे. मॅकनील हे ठामपणे सांगत नाही. शक्यता म्हणून सांगतो. परंतु शक्यतांचे पुढे काय होते, हे आपण पाहिलेच. पहिल्या पिढीतला ‘कदाचित’ तिसऱ्या पिढीत गळून पडतो आणि मोबाइलवर पोहोचेपर्यंत त्याचे ‘शास्त्र’ झालेले असते.

मग हा तर्क तपासायचा कसा? तीन हजार वर्षांपूर्वीच्या जंगलात जाऊन पाहण्याची सोय नाही. पण विटाळ हा साथीपासून बचाव करणारा नियम असेल, तर तो जिथे प्रत्यक्ष चालत होता तिथे त्याचे वागणे बचावाच्या नियमासारखे दिसले पाहिजे. आणि हा नियम कसा चालत होता याची लेखी, न्यायालयात उलटतपासणी झालेली साक्ष जिथे आहे, अशी जागा आमच्या वाडीपासून तासाभराच्या आत आहे. ती म्हणजे महाडचे चवदार तळे.

*

तळ्याचा इतिहास वाचकांना माहीत आहे, म्हणून इथे फक्त तपासणीपुरते मुद्दे घेतो. तळे चार-पाच एकरांचे, पावसाच्या पाण्यावर आणि काही झऱ्यांवर भरणारे. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यांच्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरे आणि जवळच काही मुसलमानांची. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या सार्वजनिक पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे तेव्हा महाडच्या सार्वजनिक जीवनात होती. ठराव झाला, पण एकही अस्पृश्य पाण्यापर्यंत जाऊ शकला नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. दुसऱ्या दिवशी, परिषद संपताना अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची गोष्ट काढली. मिरवणूक निघाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्यामागून शेकडो लोकांनी ओंजळीने पाणी घेतले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, गावाकडे परतायला निघालेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. पुढे सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. एकशे आठ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणत त्या तळ्यात बुडवल्या आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे झाल्याचे जाहीर केले.

आता हीच घटना साथीच्या शास्त्रासमोर ठेवू.

पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो, या गोष्टीचा इतिहास तळ्यांशीच जोडलेला आहे. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले होते, पण त्याला जंतू दाखवता आला नव्हता. १८८४ च्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात, ज्या तळ्याभोवती पटकीचे रोगी दाटीने आढळत होते त्याच्या पाण्यात, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शोधून काढला. लोक तिथेच कपडे धूत, तिथेच अंघोळ करत आणि तेच पाणी पीत. माणसाच्या पोटातून बाहेर पडलेला जंतू पाण्यात जातो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, एवढे हे सरळ आहे. जाणारा कोण आणि पिणारा कोण, याने या मार्गात काही फरक पडत नाही. संसर्ग दोन्ही दिशांनी चालतो.

महाडचा नियम तसा नव्हता. तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हती, ख्रिस्त्यांना नव्हती, गुराढोरांनाही नव्हती. बाबासाहेबांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. म्हणजे ज्या तळ्यात म्हैस उतरली तरी पाणी बाटत नव्हते, तिथे धुतलेल्या हातांनी घेतलेल्या ओंजळीने ते बाटत होते. आरोग्याचा कोणताही नियम, मग तो कितीही प्राचीन आणि अडाणी असो, निदान गुरांना आधी हाकलतो.

दुसरी बाब शुद्धीकरणाची. पाण्यातून रोग होतो अशी भीती असेल, तर त्यात शेण आणि मूत्र घालणे हा त्यावरचा उतारा होऊ शकत नाही. हे घडत होते ते कॉखच्या शोधानंतर त्रेचाळीस वर्षांनी. पाण्यात औषध टाकण्याची रीत मोठ्या शहरांत रुळत होती, तेव्हा. शुद्ध आणि निर्जंतुक हे दोन शब्द आपण आज सहज एकमेकांच्या जागी वापरतो. त्या एकशे आठ घागरी या दोन शब्दांमधले अंतर मोजून दाखवतात.

तिसरी बाब मला सर्वांत बोलकी वाटते. त्या परिषदेला हजारोंनी माणसे आली होती, आणि त्यांच्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. पाणी गावातलेच, पिणारे तेच. पैसे देऊन ते पोहोचते झाले तर चालत होते. हक्काने काठावर येऊन घेतले तर चालत नव्हते. जंतूला हा फरक कळण्याचे काही कारण नाही. तो मालकाला कळतो.

सवर्णांनी पुढे दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षे हे प्रकरण चालले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. मॅकनीलचा तर्कही एका अर्थी अनादी वहिवाटीचाच दावा आहे, फक्त धर्मशास्त्राऐवजी जीवशास्त्राच्या नावाने केलेला. आणि तो तपासायला घेतला की जवळपास तीच अडचण येते. समजा, प्रारंभी तसे काही असेलही. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावच्या डासांनी चावलेल्या, एकाच पावसाचे पाणी प्यायलेल्या माणसांची प्रतिकारशक्ती एकमेकांसारखी होत जाणार. रोगाची भीती हे नियमाचे कारण असेल, तर कारण विरत गेल्यावर नियमही सैल पडायला हवा होता. तो उलट आवळत गेला.

*

विरुद्ध बाजूने जे म्हणता येईल, ते इथे मांडले पाहिजे. आपल्या परंपरेत काही नियम खरोखरच विलगीकरणासारखे आहेत. सुतक आहे, सोयर आहे. मृत्यूच्या घरी दहा दिवस इतरांनी जेवायचे नाही, बाळंतिणीला काही दिवस वेगळे ठेवायचे, बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आत यायचे नाही. कोरडे धान्य कोणाच्याही हातचे चालते, पण शिजवलेले अन्न आणि पाणी चालत नाही, हा भेदही पटकीच्या दृष्टीने अगदीच वेडगळ नाही. ती पाण्यातून पसरते, सुक्या तांदळातून नाही. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न तोच होता : मुदत किती?

विलगीकरणाला मुदत असते. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ मध्ये रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवले. पुढे इतरत्र ते चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या त्या चाळीसवरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. शब्दाच्या पोटातच आकडा आहे. आमच्या शाळेत चौदा दिवस होते. त्याच वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी सरकारने ते दहावर आणले. सुतकाचे दहा दिवस असतात. मासिक अटकावाचे चार. अस्पृश्यतेला आकडा नव्हता. सैन्यात नोकरी करून, पेन्शन घेऊन, स्वच्छ अंगरखा घालून महाडच्या बाजारात आलेला सुभेदारही आदल्या दिवशी होता तेवढाच अस्पृश्य होता, आणि त्याचा अजून न जन्मलेला नातूही. जो नियम माणसाने काय केले, तो कुठून आला, त्याला काय झाले आहे हे विचारत नाही, फक्त तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच विचारतो, त्याला रोगाशी काही देणेघेणे नसते.

उलट, हा नियम रोगाला पोसणाराच होता. मेलेले जनावर ओढणे, मैला उचलणे, बेवारशी प्रेताची व्यवस्था लावणे, ही संसर्गाला सर्वांत जवळची कामे त्याने ठरावीक घरांना जन्मभराची लावून दिली आणि त्याच घरांना चांगल्या पाण्यापासून दूर ठेवले. आर. बी. मोरे हे महाडजवळच्या दासगावचे, १९२७ च्या परिषदेमागच्या मुख्य संघटकांपैकी एक. त्यांच्या आठवणींत महाडच्या बाजाराला आलेल्या अस्पृश्यांचे पाण्यावाचून होणारे हाल येतात. त्या गरजेतूनच त्यांच्यासाठी चहापाण्याचे एक दुकान निघाले. गावाच्या एका भागाला डबक्यावर ठेवणे म्हणजे पटकीला गावात कायमची जागा करून देणे. साथ तिथून निघाली की वेशीच्या आत शिरायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

ही सगळी उलटतपासणी आपण आज प्रथम करतो आहोत, असे मात्र नव्हे. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीत राहिले. १८८८ च्या सुमारास त्यांनी सवर्णांना प्रश्न विचारणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘विटाळ विध्वंसन’. १८९५ मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्याबरोबर एका बैठकीला बसायचे कसे, या प्रश्नाने इतर सभासद अस्वस्थ झाले. विटाळ हा शब्द पुस्तकाच्या मथळ्यावर घेऊन त्याला ‘विध्वंसन’ जोडणारा माणूस याच मातीतला होता, आणि मॅकनीलचा तर्क वाचताना मला त्याची आठवण झाली नव्हती. ही माझ्या वाचनातली उणीव आहे, आणि ती माझ्या एकट्याची नसावी.

*

वलंगकर बोर्डावर गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडले. त्यांत गिरण्यांतले आणि गोदीतले कोकणी कामगार मोठ्या संख्येने होते. बोटीने बाणकोट, तिथून खाडीने दासगाव, हीच तेव्हा मुंबईहून महाडकडे येणाऱ्यांची नेहमीची वाट. २०२० मध्ये गोवा महामार्गावरून पायी, टेम्पोतून, दुचाकीवरून माणसे महाड-पोलादपूरकडे येत होती, तेव्हा वाट बदलली होती, ओढ तीच होती. कायदाही तोच होता. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, जो १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

साथी समाजाला घडवतात, या विधानाची खरी परीक्षा प्लेगमध्ये होते. काही गोष्टी त्याने निश्चित घडवल्या. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्यांतून नवे रस्ते निघाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत वाल्डेमार हाफकिनने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पण माणसामाणसांतल्या स्पर्शाचे काय झाले? घराघरांतून रोगी काढून एकाच सरकारी रुग्णालयात नेणार, म्हटल्यावर जो क्षोभ उसळला, त्यातला मोठा भाग मरणाच्या भीतीचा होता आणि मोठा भाग विटाळाच्या. तडजोड म्हणून मुंबईत आणि पुण्यात जातवार, समाजवार प्लेग रुग्णालये निघाली. एकाच जंतूने आजारी पडलेली माणसे वेगवेगळ्या मांडवांखाली, आपापल्या पंक्तीत मरत होती. साथीने समाजाला आपल्या साच्यात घातले नाही. समाजाने साथीला आपल्या साच्यात घातले.

अपवाद होते, आणि ते उजेडात ठेवले पाहिजेत. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांना विटाळ नव्हता, संसर्ग होता. दोन्हींतला फरक त्यांना ठाऊक होता, आणि ज्याची खरोखर भीती बाळगावी तेच त्यांनी पत्करले.

आपल्या सांस्कृतिक आठवणीत मात्र प्लेग कसा आहे? तो रँडच्या रूपाने आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या उत्तम चित्रपटाचे नाव ‘२२ जून १८९७’ आहे, म्हणजे चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तो दिवस. सोजिरांची अरेरावी खरी होती, तिच्याविरुद्धचा संतापही खरा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साथीची आठवण एका वधाच्या तारखेत मावली की घरोघर काय घडले ते बाहेर राहते. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून ज्यांच्याकडे पाहतो, ते कोकणातल्या मालगुंडचे केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीत प्लेगनेच गेले आणि पाठोपाठ त्यांची पत्नीही. आपल्या समीक्षेत ही नोंद चरित्राच्या शेवटच्या ओळीत येते, आणि तिथेच संपते. रोग हा रोग म्हणून, शरीराचा, घराचा, शेजाराचा प्रश्न म्हणून आपण पुरेसा लिहून ठेवला नाही. त्या मोकळ्या जागेत मोबाइलवरचा संदेश येऊन बसतो.

हे दोन प्रकारचे बाटणे शेजारी ठेवून पाहण्याचे काम शेजारच्या कन्नडने केले. यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ (१९६५) या कादंबरीत अग्रहारातला आचारभ्रष्ट नारणप्पा शिवमोग्ग्याहून ताप घेऊन येतो आणि मरतो. त्याचे अंत्यसंस्कार कोणी करायचे, यावर ब्राह्मणांचा खल चालतो. प्रेत उचलल्याशिवाय जेवता येत नाही आणि उचलले तर आपण बाटू, ही त्यांची अडचण. दरम्यान घराघरांत उंदीर पडताहेत, छपरांवर गिधाडे बसताहेत. प्राणेशाचार्य ग्रंथांत उत्तर शोधत राहतात. विटाळाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, म्हणूनच संसर्ग कोणाला दिसत नाही. विटाळ हे आरोग्यशास्त्राचे जुने रूप असते, तर अग्रहार वाचायला हवा होता. कादंबरीकाराने मॅकनीलच्या ग्रंथाआधी अकरा वर्षे त्याच्या तर्काला दिलेले हे उत्तर आहे, असे मला वाटते.

*

मॅकनील निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही. जंतूंना इतिहासात जागा देणे आवश्यकच होते. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक आहे, आणि त्याचे मुख्य कारण १९१८ चा इन्फ्लुएंझा होता, हे कळल्याशिवाय विसाव्या शतकातल्या आपल्या गावांचा इतिहास कळत नाही. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. साथीने काय घडवले, हे मोजता येते. पण माणसांनी एकमेकांवर लादलेल्या एखाद्या नियमाला साथीचे कारण जोडले की तो नियम निसर्गाच्या खात्यावर जातो आणि लादणारे मोकळे होतात. मॅकनीलच्याच भाषेत सांगायचे, तर त्याने आतले परोपजीवी आणि बाहेरचे परोपजीवी असे दोन वर्ग केले, आणि जातीच्या बाबतीत बाहेरच्याचे काम आतल्याच्या नावावर लिहून टाकले.

२०२१ च्या जुलैमध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, तळियेवर दरड कोसळली. पूर ओसरल्यावर गावात गुडघाभर चिखल होता आणि लेप्टोस्पायरोसिसची धास्ती होती. हा जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतो. मी मदतीला गेलो होतो. गमबूट घालून दोन दिवस घरांतला चिखल काढला. रस्त्यांवर आणि गटारांत बाहेरच्या शहरांतून आलेली सफाई कामगारांची पथके होती. त्यांतल्या कित्येकांच्या पायांत साध्या चपला होत्या. ती माणसे कोणत्या घरांतून येतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. नियम पुस्तकातून गेला, तळ्यावरून गेला; पण चिखलात कोण उभे राहणार, हे अजून बऱ्याच अंशी तोच ठरवतो. साथ आणि समाज यांचे नाते मला तिथे, पुस्तकापेक्षा स्पष्ट दिसले.

शाळेतला माझा पंधरावा दिवस ठरल्याप्रमाणे उजाडला. आईने मला न्हाणीघराच्या दारातच गरम पाणी काढून दिले आणि अंघोळ झाल्यावर पाठीवरून हात फिरवला. दुपारपर्यंत वाडीतले निम्मे लोक पडवीत येऊन बसले होते. कोणी त्या चौदा दिवसांचा विषयही काढला नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या सहकाऱ्यांना वाचायला पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. माझ्या मुख्य मुद्द्याबद्दल ते काही बोलले नाहीत. एक दुरुस्ती तेवढी सांगितली. मूळ खर्ड्यात मी लिहिले होते की, २० मार्च १९२७ ला तळे अस्पृश्यांसाठी खुले झाले. ते म्हणाले, “सर, खुले तर नगरपालिकेने तीन वर्षे आधीच केले होते. त्या दिवशी लोक तिथे गेले, असे लिहा.”

ती दुरुस्ती मी केली आहे.